मुलींच्या संघाबरोबर पिंपरीला, आणि एक दुपार चाकणला

धाराशिवच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे अधूनमधून कुरकुरतात, आणि अगदी परवापर्यंत बास्केटबॉलबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्यात एक उंच टांगलेली जाळी असते. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमचे क्रीडाशिक्षक शेख सर ग्रंथालयात आले आणि मुलींबरोबर पिंपरीला याल का म्हणाले, तेव्हा मला आधी वाटलं की पुस्तकांचं प्रदर्शन असेल.

प्रदर्शन नव्हतं. आमच्यासारख्या काही जिल्ह्यांतल्या कॉलेजांची मिळून बास्केटबॉलची एक साखळी चालते. दिवाळीनंतर सुरू होते, प्रत्येक संघ बाकीच्यांशी खेळतो, आणि शेवटी गुणांत वर राहिलेले चार संघ एका गावात जमून अंतिम स्पर्धा खेळतात. आमच्या मुली पहिल्यांदाच त्या चारांत आल्या होत्या. मुलींच्या संघाबरोबर एक बाई असायलाच हवी असा नियम आहे, आणि नेहमी जाणाऱ्या मॅडमचं बाळ अगदी लहान. घरी विचारलं तर मिस्टर म्हणाले, मी खिचडी करून खाईन, तू बिनधास्त जा. त्यांना खिचडी येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी हो म्हणाले.

तुमच्यापैकी कुणी अशा मुलींना घेऊन निघणार असाल तर पहिला सल्ला: एसटीच बरी. धाराशिवहून सकाळी निघणारी, थेट पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकात जाणारी गाडी आम्हाला मिळाली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे अख्ख्या संघात पूर्ण तिकीट एकट्या शेख सरांचं, आणि कंडक्टरने त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत गाडी सोलापूर-पुणे रस्त्याला लागली. इंदापूरच्या पुढे उजनीचं पाणी दिसायला लागलं तशा सगळ्या मुली एका बाजूच्या खिडक्यांवर गोळा झाल्या. लांब पाण्यात गुलाबी ठिपके होते. ते फ्लेमिंगो, असं मी सांगितलं. एवढं एक ज्ञान माझ्याकडे होतं, ते मी जपून वापरलं.

माझ्या शेजारी कोमल वाघमारे बसली होती. संघाची कर्णधार, शेवटच्या वर्षाला. मैदानावर दणादण धावणारी ही मुलगी एरवी फार कमी बोलते. ग्रंथालयात येते, पुस्तक घेते, मान हलवते, जाते. भिगवण मागे पडल्यावर मात्र तिने हळूच विचारलं, पिंपरीहून चाकण किती लांब आहे.

तिचे वडील चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेले कामगार. कोमल चौथीत असताना ते तिकडे गेले, तेव्हापासून घरी येतात ते दिवाळीला आणि जयंतीला. आई गावातच अंगणवाडीत मदतनीस. वडील राहतात ती खोली घरातल्या कुणीच पाहिलेली नव्हती, आणि वडिलांनी कोमलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. पिंपरीला येतेय हे तिने फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, बघू, कंपनीतून सुटी मिळणं अवघड आहे.

‘मॅडम, ते येऊ शकले नाहीत तरी चालेल,’ ती म्हणाली, ‘पण मला एकदा जाऊन यायचंय.’

मी शेख सरांशी बोलते म्हणाले. त्या क्षणापासून ही सहल माझ्यासाठी नुसती ड्यूटी राहिली नाही.

हडपसरपासून पुढे गाडी जी रेंगाळली ती दापोडीचा पूल ओलांडेपर्यंत. वल्लभनगरला उतरलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. राहण्याची सोय संत तुकाराम नगरमधल्या एका शाळेच्या वर्गांत होती, स्थानकापासून चालत जाण्याएवढी जवळ. बाकं भिंतीला लावलेली, गाद्या घातलेल्या, पंखे चालू. सगळं व्यवस्थित, फक्त नळाला पाणी नव्हतं. मोटर बिघडली होती आणि दुरुस्त करणारा उद्या येणार होता. दिवसभर प्रवास केलेल्या मुली बादल्या घेऊन उभ्या, आणि मी व्यवस्थापिका म्हणून पहिल्याच संध्याकाळी हतबल.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून एका बाईंनी हाक मारली. शोभाताई कांबळे त्यांचं नाव. त्यांचे मिस्टर पिंपरीतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, मुलगी लग्न होऊन वाकडला, घरात दोघंच. आमची नजरानजर झाली, त्यांनी परिस्थिती ओळखली आणि मुलींना आळीपाळीने आंघोळीला वर पाठवा म्हणाल्या. मी संकोचले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘अहो, माझी पोरगी कबड्डी खेळायची. तिला बाहेरगावी कुणीतरी पाणी दिलंच असेल की.’

पाण्यावर भागलं नाही. मुलींकडे जर्सीचा एकच जोड होता हे कळल्यावर त्यांनी वॉशिंग मशीन आमच्या स्वाधीन केलं. रात्रीचं जेवण आयोजकांकडून होतं, पण सकाळचे पोहे त्यांनीच केले, शेंगदाणे आणि लिंबू सढळ हाताने. परत निघेपर्यंत आम्ही त्यांच्या घरी इतक्या वेळा गेलो की त्यांच्या मिस्टरांनी दार लोटून घेणंच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सामना नव्हता. सकाळी सराव झाला. शेख सरांनी कोमलला दुपारनंतर मोकळं केलं, मी बरोबर जाणार या अटीवर.

चाकणला जायचं तर संत तुकाराम नगरहून मेट्रोने पुढच्याच स्टेशनला, नाशिक फाट्याला उतरायचं. तिकीट अगदी किरकोळ आहे आणि पहिल्यांदा बसणार असाल तर उभं राहूनच जा, बाहेरचं छान दिसतं. तिथून शेअर रिक्षाने भोसरी, आणि भोसरीहून चाकणची पीएमपी बस. नकाशावर अंतर फार दिसत नाही. नकाशावर विसंबू नका. मोशीच्या पुढे रस्ता असा तुंबला होता की आमच्या बसच्या शेजारी नव्या कोऱ्या गाड्या लादलेला एक लांबलचक ट्रेलर बराच वेळ तसाच उभा होता, आणि त्यातल्या पांढऱ्या गाड्या कोमल पुन्हा पुन्हा बघत होती. तिचे वडील ज्या कंपनीत आहेत तिथे गाड्यांच्या दारांचे भाग बनतात. यातलं एखादं दार पप्पांच्या हातून गेलं असेल, असं ती म्हणाली.

चाकणच्या चौकात उतरून खराबवाडीकडे पुन्हा शेअर रिक्षा. मुख्य रस्ता सोडला की एकाला एक लागून खोल्यांच्या रांगा, दारादारात सेफ्टी बूट, दोरीवर निळे शर्ट. पत्ता विचारला तर ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजींनी, त्याच घरमालकीण होत्या, मान वर केली. ‘वाघमारे व्हय? हितंच ऱ्हात्यात. आत्ता येत्याल शिफ्ट सुटली की. बसा की, उभ्या का?’ कोमल कोण आहे हे कळल्यावर त्यांनी लसूण बाजूला ठेवला आणि चहाला आत गेल्या. जास्त काही न विचारता त्या आजींनी कोमलच्या डोक्यावरून हात फिरवला, ते मी विसरणार नाही.

आवाजाने खोलीतून एक माणूस डोळे चोळत बाहेर आला. सुरेंद्र नाव, बिहारचा, कोमलच्या वडिलांच्याच लाइनवर रात्रपाळीला. खोलीत ते चौघं राहतात. त्याने कोमलकडे बघितलं आणि त्याची झोप उडाली.

‘आप कोमल बिटिया हैं ना? महाराष्ट्र की टीम वाली?’

कोमलने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. आमचं कॉलेज धाराशिवचं, आणि महाराष्ट्राच्या संघापर्यंत आमच्यापैकी कुणीही अजून पोहोचलेलं नाही. पण ती पोरगी क्षणभरच थांबली.

‘हां, चाचा,’ ती म्हणाली.

मग सुरेंद्र सांगत सुटला. सुभाषदादा, म्हणजे कोमलचे वडील, जेवताना रोज हिच्याबद्दल बोलतात, ती दिल्लीला जाऊन खेळून आली, तिला विमानाचं तिकीट मिळालं होतं. कोमल सगळ्याला हं हं करत राहिली. मी चहाच्या कपात बघत राहिले.

थोड्या वेळाने सुभाषराव आले. खांद्याला डब्याची पिशवी, शर्टावर घामाचे पांढरे वाळलेले डाग. आम्हाला बघून ते गल्लीच्या तोंडालाच थबकले. जवळ आले, लेकीला आधी जेवलीस का विचारलं, मला नमस्कार केला, आणि सुरेंद्रकडे एकदा बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. काय काय बोलणं झालं असेल, ते त्यांनी ताडलं होतं. त्यानंतर ते आमच्यासाठी गरम भजी आणायला गेले आणि बरेच लांबून आणली असावीत, एवढा वेळ लावला. आल्यावर गावाकडचं, आईचं, पाण्याचं, सगळं विचारलं. खेळाचं सोडून सगळं.

सुरेंद्रनेच विषय काढला. उद्या चार वाजता सामना आहे ना, आपण सगळे जाऊ, मी तसा दिवसा मोकळाच आहे. सुभाषराव म्हणाले, शिफ्ट सुटल्यावर पोहोचणं जमेल का नाही, रस्त्याचं काही सांगता येत नाही. कोमल म्हणाली, या पप्पा. एवढंच.

परतीच्या बसमध्ये तिने खिडकीजवळची जागा घेतली. मोशीजवळ म्हणाली, ‘मॅडम, पप्पांनी असं का सांगितलं असेल? कॉलेजची टीम त्यांना कमी वाटली का?’

तसं नसेल, एवढं मी म्हणाले, आणि ते पुरेसं नव्हतं.

शनिवारचा उपांत्य सामना यजमान कॉलेजाशी होता. त्यांच्या मुली उंच, त्यांचा सराव पक्क्या कोर्टवरचा, आणि बघायला आलेलं सगळं कॉलेज त्यांचं. कोमल पहिल्या मिनिटापासून एकटीच खेळायला लागली. मला खेळ कळत नसला तरी हे कळत होतं. सर ‘पास’ म्हणून ओरडायच्या आधीच एरवी जी पास देते, ती तिघींच्या मधून एकटी जाळीकडे घुसत होती आणि मधूनमधून गेटकडे बघत होती. एक फाउल, दुसरा, तिसरा. सरांनी तिला बाहेर बसवून पाणी पाजलं, समजावलं. परत गेली आणि पुन्हा तेच. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यातून बाद होतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिसरा डाव संपायच्या आत कोमलचा पाचवा फाउल झाला. ती खाली मान घालून बाकावर येऊन बसली आणि डोक्यावर टॉवेल घेतला.

त्यानंतर थोड्याच वेळात गेटमधून सुभाषराव आणि सुरेंद्र आत आले. मोशीला अडकले होते. मी त्यांना जागा करून दिली. कोर्टवर दहा मुली धावत होत्या आणि त्यांची मुलगी बाकावर बसली होती. ती का खेळत नाही, असं त्यांनी विचारलं. मी फाउलचा नियम सांगितला. ते ऐकून घेत होते, पण त्यांची नजर टॉवेलवरून हलली नाही. आम्ही मोठ्या फरकाने हरलो. शेवटी ध्वनिक्षेपकावरून दोन्ही कॉलेजांची नावं घेतली गेली, धाराशिवच्या कॉलेजला उद्याच्या तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यासाठी शुभेच्छा दिल्या गेल्या. कॉलेज, कॉलेज, असं चारचौघांत स्पष्ट ऐकू आलं.

सुभाषराव कुंपणाजवळ गेले. मी पाण्याची बाटली द्यायला मागे गेले होते म्हणून मला ऐकू आलं. ते सुरेंद्रला म्हणाले, ‘मैंने झूठ बोला था. महाराष्ट्र की टीम में नहीं है. कॉलेज की टीम है.’

सुरेंद्र हसला नाही, की रागावला नाही. ‘वो तो हम लोग जानते थे, दादा,’ तो म्हणाला. ‘तुम बिटिया की बात करते थे तो खाना अच्छा लगता था. इसलिए किसी ने टोका नहीं.’ मग म्हणाला, ‘आज तो तुमने कुछ देखा ही नहीं. कल सुबह तुम्हारी जगह हम खड़े रहेंगे. सुपरवाइजर से हम बात कर लेंगे.’

त्याला त्या रात्री स्वतःची पाळी होती. म्हणजे रात्रपाळी करून पुन्हा सकाळची. त्या भागात बऱ्याच कंपन्यांची सुटी गुरुवारी असते, रविवार कामाचाच. सुभाषराव नको नको म्हणत राहिले. सुरेंद्रने ऐकलं नाही.

हरलेल्या मुलींना घेऊन संध्याकाळी मी काळेवाडीमार्गे वाकडला गेले. शोभाताईंच्या लेकीने तिथला एक मॉल सुचवला होता. आत थंडगार, बाहेर कॅबची रांग, आणि कपड्यांच्या किमती बघून मुलींना इतकं हसू आलं की त्या सामना विसरल्या. सरकत्या जिन्यावर खाली-वर करणं फुकट असतं, ते त्यांनी मनसोक्त केलं. पोटापाण्याचं काळेवाडीतच करा, हा माझा दुसरा सल्ला. तिथे एका गाड्यावर मिसळ खाल्ली, गाडेवाल्याने मुलींच्या पाठीवरचे नंबर बघून रस्सा पुन्हा पुन्हा वाढला. कोमल आमच्यात होती आणि नव्हती.

रविवारी सकाळी सामन्याच्या कितीतरी आधी सुभाषराव मैदानावर हजर होते. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. कोमल सराव सोडून त्यांच्यापाशी गेली. मी पायऱ्यांवर बसून मुलींच्या बाटल्या भरत होते. त्यांनी मला उठू दिलं नाही, तुम्हीपण ऐका मॅडम म्हणाले. मग लेकीला सांगितलं की खोलीवर सगळे जेवताना आपापल्या घरचं सांगायचे, कुणाचा भाऊ पोलिसात, कुणाचं घर बांधून झालेलं. कॉलेजच्या टीममध्ये आहे, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. कुणीतरी विचारलं, कशी खेळते? आणि त्यांना सांगता येईना.

‘तू कमी नव्हतीस गं,’ ते म्हणाले. ‘मी बघितलंच नव्हतं कधी. मग जे दिसत नव्हतं, ते मनानंच मोठं केलं.’

कोमलने त्यांच्या खिशातला रुमाल काढला, डोळे पुसले, रुमाल परत त्यांच्या खिशात ठेवला आणि कोर्टवर गेली.

समोर बारामतीकडचा संघ होता, आमच्याच तोडीचा. सामना शेवटपर्यंत कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. पण आज कोमल पास देत होती. सुभाषराव माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. लेकीच्या हातात चेंडू आला की त्यांचा श्वास थांबायचा. एकदा ती समोरच्या मुलीचं कोपर लागून पडली तेव्हा ते उभे राहिले. ती उठली, रेषेवर गेली, फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत गेले, आणि मगच ते खाली बसले. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. सगळ्यांना वाटलं, कोमल स्वतः घुसणार. दोघीजणी तिच्या अंगावर आल्या, तिने चेंडू बाजूला मोकळ्या उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या आरतीला दिला, आणि आरतीने तो जाळीत घातला. आरतीला स्वतःलाच खरं वाटेना. शिट्टी झाली तेव्हा मुली तिला उचलून घेत होत्या.

सुभाषराव टाळ्या वाजवत नव्हते. मला म्हणाले, ‘तिनं चेंडू दिला, बघितलं का?’ मी हो म्हणाले. ‘स्वतः टाकता आला असता. दिला.’ मग त्यांनी सुरेंद्रला फोन लावला. तो मशीनवर होता, उचलणार नव्हताच. त्यांनी पुन्हा लावला, तरी उचलला नाही. तिसऱ्यांदा न लावता फोन खिशात ठेवून ते पदकं द्यायच्या कार्यक्रमाला पुढे जाऊन उभे राहिले.

तिसरा क्रमांक म्हणजे कांस्यपदक. परत निघताना शोभाताई पुरणपोळ्या घेऊन स्थानकावर आल्या. मी काहीतरी द्यावं म्हणून पिशवीत हात घातला तर त्यांनी माझा हात तसाच दाबून धरला. पुढच्या वर्षी आलात तर वर्गात झोपायचं नाही, माझ्याकडे झोपायचं, असं मुलींना बजावलं. गाडी सुटल्यावर मुली त्या दिसेनाशा होईपर्यंत खिडकीतून हात हलवत होत्या.

घरी आल्यावर मिस्टरांनी खिचडी खरोखर शिकून घेतल्याचं कळलं, हा या सहलीचा एक अनपेक्षित फायदा. बाकी काय राहिलं, असा विचार करते तेव्हा सामन्यांचे गुण आठवत नाहीत. लसूण बाजूला ठेवून उठणाऱ्या आजी आठवतात. आणि रात्रभर उभा राहून, पुन्हा सकाळी दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला सुरेंद्र, ज्याने सामना पाहिलाच नाही. त्याचे आभार मानायचे राहून गेले. हे वाचून कुणी त्याला कळवेल, अशी शक्यता नाही, तरी इथे लिहून ठेवते.

परवा कोमल ग्रंथालयात आली. पुस्तक घेतलं, मान हलवली, पण गेली नाही. परीक्षा झाली की आईला घेऊन चाकणला जायचं ठरलंय म्हणाली. पप्पांनी घरमालकीण आजींना विचारून बाजूची खोली चार दिवसांसाठी घेतली आहे. आईने पुण्याच्या पुढे कधी पाऊल टाकलेलं नाही, तिला सगळं विचारायचंय: वल्लभनगरला कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, मेट्रोचं तिकीट कसं काढायचं, भोसरीत बस कुठे लागते.

‘तुम्ही लिहून द्याल का, मॅडम?’ ती म्हणाली. ‘मी सांगितलं तर ती गडबडेल. तुमचं लिहिलेलं ती वाचून वाचून पाठ करेल.’

म्हणून रस्ता एवढा तपशिलात लिहिला आहे. वाघमारेताई, नाशिक फाट्याला उतरताना घाई करू नका, दार थोडा वेळ उघडं राहतं.